दाढ दुखायची थांबली आणि गाल सुजला

मार्च सरत आला, गाळप संपून साखर कारखान्यांचे पट्टे पडले, की उसाच्या फडावरून माणसं बीड जिल्ह्यातल्या आपापल्या गावी परततात. त्या पंधरा-वीस दिवसांत माझ्या दवाखान्यात सहा-सहा महिने अंगावर काढलेल्या दाढांची रांग लागते. फडावर एक दिवस काम बुडालं की खाडा पडतो, आगाऊ घेतलेली उचल तर आधीच खर्चून झालेली असते. तिथं दाढ दुखते म्हणून सुट्टी कोण मागणार? मागच्या हंगामानंतर असाच एक गडी आला. उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी सूज, वरची कातडी ताणून चकचकीत झालेली. बायकोच सगळं सांगत होती, कारण त्याला तोंड उघडता येत नव्हतं. "म्याडम, दिवाळीपासून ठणकायली होती. मेडिकलातून गोळ्या आणून खायचे. संक्रांतीच्या सुमाराला आपसूक थांबली. आम्हाला वाटलं, बरी झाली. अन् आता चार दिसांपासून हे असं सुजायलंय."

"आपसूक थांबली" हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. दाताच्या दुखण्यातला सगळ्यांत फसवा टप्पा हाच. तो का फसवा, हे कळायला आधी दाढेच्या आत डोकवावं लागेल.

दाताचं बाहेरचं पांढरं कवच म्हणजे आपल्या शरीरातली सगळ्यांत टणक वस्तू, हाडाहूनही कडक. त्याच्या आत जरा मऊ, पिवळसर थर. आणि मधोमध एक बारीक पोकळी, जिच्यात मऊ मांस, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. आपण सगळे तिला "नस" म्हणतो, मीही पेशंटशी बोलताना तेच म्हणते. तोंडातले जंतू अन्नातली साखर खाऊन आम्ल तयार करतात, आम्लानं कवच झिजतं, खड्डा पडतो आणि तो खड्डा एके दिवशी नशीपर्यंत पोचतो. "दात किडला" असं आपण म्हणत असलो तरी त्यात किडा नसतो. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले किडे पाडून दाखवणारे अजून खेड्यांत भेटतात. वाटीतल्या पाण्यात जे पांढरं, वाकडं पडतं ते बियांच्या आतले कोंब असतात. तोंडात ज्यानं धुरी घेतलीच नाही, त्याच्या वाटीतही ते पडतील.

आता ठणक्याचं बघा. बोट दारात चेंगरलं तर ते सुजतं, फुगतं. पण त्याच बोटाच्या नखाखाली रक्त साकळलं तर रात्रभर झोप लागत नाही, कारण नख कडक, खाली फुगायला जागाच नाही. दाढेचं अगदी तसंच आहे, फक्त इथं नख चहूबाजूंनी आहे. नशीला सूज आली की ती पसरणार कुठं? आतला दाब वाढतो आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कळ उठते. आडवं झालं की डोक्याकडचा दाब वाढतो, म्हणून दाढ दिवसा सहन होते आणि रात्री माणसाला उठवून बसवते. काहींना या टप्प्यावर गरम चहा लागला की जीव जातो आणि गार पाण्यानं बरं वाटतं. गार पाण्याची बाटली हातात धरून, दर दोन मिनिटाला एक घोट दाढेपाशी खेळवत एसटीतून आलेले पेशंट मी पाहिलेत. बाटली बघूनच कळतं की ही नस आता वाचत नाही.

या दाबापुढं नशीचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि नस मरते. मेलेल्या नशीला दुखत नाही. संक्रांतीला थांबलेलं दुखणं ते हे.

दुखणं थांबलं, जंतू मात्र थांबलेले नसतात. रिकाम्या, मेलेल्या नळीत त्यांना हवं ते सगळं मिळतं आणि शरीराच्या पेशी तिथं पोचू शकत नाहीत. हळूहळू ते मुळाच्या टोकातून बाहेर पडून जबड्याच्या हाडात उतरतात. तिथं पू होतो. पाण्याला जसा उतार लागतो तसा पुवाला पातळ हाड लागतं. बांध जिथं कच्चा तिथंच तो फोडतो. वरच्या दाढेचा पू गालात किंवा टाळूत येतो, सुळ्याचा डोळ्याखाली येतो, खालच्या पुढच्या दातांचा हनुवटीत. कधी हिरडीवर बारीक पुटकुळी येते, फुटते, तोंडाला खारट-घाण चव येते आणि लगेच हलकं वाटतं. ती पुटकुळी महिनोन्‌महिने येत-जात राहते आणि माणूस निर्धास्त असतो. खालच्या मागच्या दाढांचा पू मात्र गळ्याकडे उतरतो. त्याच्याबद्दल पुढं सविस्तर बोलू, कारण जीव जातो तो तिथं.

"म्याडम, एक चांगली अँटिबायोटिक लिहून द्या"

हे मला रोज ऐकावं लागतं. नुसता ठणका आहे, सूज नाही, ताप नाही, अशा वेळी अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. ती गोळी दुखणं कमी करत नाही, दुखणं लवकरही थांबवत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१९ मध्ये डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शक सूचना काढली तीही हेच सांगते: दातावर उपचार होण्यासारखा असेल तर आधी उपचार करा, अँटिबायोटिक ठेवा ताप, अंगात कसकस आणि पसरणारी सूज असलेल्यांसाठी.

कारण साधं आहे. पोटात गेलेलं औषध रक्तातून जातं. मेलेल्या नशीत रक्तच नाही, मग औषध जाणार कुठून? साठलेल्या पुवाच्या गळवातही ते पुरेसं शिरत नाही. ते आजूबाजूच्या मांसात पसरणाऱ्या जंतूंना अडवतं, आणि पसरणाऱ्या सुजेत हे काम मोलाचं आहे. पण जंतूंचं घर तसंच राहतं. दोन-तीन दिवस गोळ्या खाल्ल्या, सूज बसली, उरलेल्या गोळ्या फडताळात गेल्या, दीड महिन्यानं पुन्हा सूज. या खेपेला जंतू त्या औषधाला सरावलेले असू शकतात.

मेडिकलवरच्या पुडीबद्दल थोडं कडक बोलते. त्या पुडीत एक पांढरी, एक पिवळी, एक अर्धी गुलाबी गोळी असते आणि नाव कशावरच नसतं. कधी त्यात स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडनं सूज झपाट्यानं उतरते आणि माणूस दुकानदाराला दुवा देतो. पण त्यानं शुगर चढते आणि जंतूंशी लढायची शरीराची ताकद कमी होते. सूज उतरलेली दिसते आणि आतला पू वाढत राहतो. गोळी घ्यायचीच असेल तर पाकिटासकट घ्या, नाव वाचता येईल अशी.

रात्री दोन वाजता काय करायचं

दवाखाना सकाळी उघडणार आहे आणि रात्र काढायची आहे. अशा वेळी दुसरा काही आजार नसलेल्या मोठ्या माणसाला सगळ्यांत जास्त उपयोगी पडते ती जोडी म्हणजे आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम. आयबुप्रोफेन सूज आणि दाब कमी करतं, पॅरासिटामॉल वेगळ्या वाटेनं कळ मारतं, म्हणून दोन्ही मिळून एकट्या-दुकट्या गोळीपेक्षा जास्त काम करतात. पोटात दोन घास, निदान भाकरी-दूध घालून मगच घ्यायच्या, आणि पुढची मात्रा सहा ते आठ तासांनी. डॉक्टरांना न विचारता आयबुप्रोफेन दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. पॅरासिटामॉल ३००० च्या आत ठेवलेलं बरं. ४००० ही धडधाकट माणसाची शेवटची हद्द, आणि रोज दारू पिणाऱ्याची हद्द त्याच्याही पुष्कळ आधी येते.

इथं एक चूक फार होते. बाजारातल्या बऱ्याच दुखण्याच्या गोळ्या मुळात जोडगोळ्याच असतात, आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ एकातच. ती घेऊन वर पुन्हा ६५० ची गोळी, संध्याकाळी शेजारणीनं दिलेली तिसरी, असं करत बेरीज कुठं जाते ते कळत नाही. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. चष्मा नसेल तर नातवाला वाचायला लावा.

आयबुप्रोफेन आणि त्याच्या जातीच्या डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक या गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत. पोटात अल्सर, किडनीचा आजार, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणं, असली गोळी खाऊन दमा उठल्याचा पूर्वीचा अनुभव, डेंग्यूची शंका, गरोदरपणाचे पाच महिने पूर्ण झालेले, यांतलं काहीही असेल तर ती टाळायची, नुसत्या पॅरासिटामॉलवर रात्र काढायची आणि सकाळी डॉक्टरांना गाठायचं. आणि आपल्याकडचं खास म्हणजे उन्हाळा. दिवसभर ४२ अंशांच्या उन्हात राबून, घाम गाळून, पाणी कमी पिऊन आलेल्या शरीरात या गोळ्या किडनीला इजा करू शकतात. आधी पोटभर पाणी, मग गोळी. लहान मुलांची मात्रा वजनावर ठरते, मोठ्यांची गोळी मोडून देऊ नये. मुलांना ॲस्पिरिन तर मुळीच नको.

गोळीबरोबर डोक्याखाली दोन उश्या घ्या किंवा भिंतीला टेकून बसल्या-बसल्या झोपा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते दुखऱ्या बाजूला मिनिटभर धरा, थुंका, पुन्हा करा. गालावर बाहेरून शेक द्यायचा तो गार, फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाचा किंवा माठातल्या पाण्यात भिजवलेल्या टॉवेलचा. तापवलेल्या विटेचा किंवा तव्यावरच्या फडक्याचा शेक नको. त्यानं पू बाहेरच्या कातडीकडे ओढला जाऊन गालावर फुटू शकतो. हनुवटीवर कायमचा खळगा पडलेली माणसं बाजारात दिसतात, त्यांतल्या काहींच्या खळग्यामागं एक किडलेला दात असतो.

लवंगेचं तेल मात्र खरं औषध आहे. त्यातलं युजेनॉल नस बधिर करतं, आणि आमच्या दवाखान्यातल्या तात्पुरत्या सिमेंटमध्येही तेच असतं. पण कापसाच्या बोळ्यावर एकच थेंब, आणि तो बोळा खड्ड्यात. बाटली हिरडीवर ओतली तर हिरडी भाजते. दाढेपाशी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवली तरी असंच भाजतं, पांढरी साल निघते आणि एका दुखण्याची दोन होतात. तंबाखू किंवा मिश्री दाबून ठेवल्यानं थोडा वेळ बधिर वाटतं. त्यानं आत काही बरं होत नाही, उलट वर्षानुवर्षं तीच सवय राहिली तर तोंडात काय होतं ते सांगायला नको. जबड्याखालच्या सुजेला बिब्बा लावून आलेल्या एका मावशींच्या गळ्यावर मी हाताएवढा भाजल्याचा डाग पाहिला होता. त्यात दाढेची सूज किती आणि बिब्ब्याची किती, हे ओळखायलाच वेळ गेला. आणि बाभळीच्या काट्यानं किंवा सुईनं फोड स्वतः फोडायला जाऊ नका. पू बाहेर पडेल न पडेल, जंतू मात्र खोल जातील.

कोणत्या सुजेला सकाळची वाट बघायची नाही

खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाढांची मुळं फार खोल असतात. जिभेखाली तोंडाच्या तळाला स्नायूची एक पातळ चादर ताणलेली आहे, आणि या मुळांची टोकं त्या चादरीच्या खाली उतरतात. त्यामुळं तिथला पू तोंडात न येता थेट जबड्याखाली, गळ्याच्या पोकळ्यांत जातो. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला पसरला की जिभेचा खालचा सगळा भाग लाकडासारखा कडक होतो, जीभ वर आणि मागं ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होते. १८३६ साली लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरनं याचं वर्णन केलं, म्हणून त्याला लुडविग अँजायना म्हणतात. नावात अँजायना असलं तरी हृदयाशी त्याचा काही संबंध नाही. अँटिबायोटिक यायच्या आधी यात निम्म्याहून जास्त माणसं दगावत. आजही दगावतात, बहुतेक उशिरा पोचल्यामुळं.

म्हणून हे बघायचं. थुंकी गिळता येत नाही आणि लाळ गळतेय का? तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा आवाज झालाय का? सूज हनुवटीखाली दोन्हीकडे आलीय, दाबली तर दगडासारखी लागतेय का? आडवं झालं की गुदमरतंय, म्हणून माणूस पुढं वाकून बसलाय का? यांतलं एक जरी असलं तर दातांच्या दवाखान्यात येऊ नका, माझ्याकडेही नको. १०८ ला फोन करा आणि मोठं सरकारी रुग्णालय गाठा: अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेड किंवा लातूरचं शासकीय. तिथं आधी श्वासाची वाट सांभाळतात, गरज पडली तर गळ्याला छिद्र करून नळी घालतात, बाहेरून चिरा देऊन पू काढतात. हे खुर्चीवरचं काम नाही.

वरच्या सुळ्याच्या सुजेनं डोळा बंद होत चालला असेल, दोन दिसायला लागलं असेल, डोकं फुटेल असं दुखत असेल, तरीही तेच करायचं. चेहऱ्याच्या शिरा आत मेंदूजवळच्या शिरांना जोडलेल्या आहेत.

तोंड किती उघडतं हेही महत्त्वाचं. आपली तीन बोटं उभी दातांमध्ये मावायला हवीत. काल तीन मावत होती आणि आज एकच मावतंय, तर सूज चावायच्या स्नायूंपर्यंत गेली. पण गुटखा खाणाऱ्यांत हे ओळखणं अवघड जातं, कारण त्यांचं तोंड आधीच दोन बोटांचं झालेलं असतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हे टपरीवर उभं राहून कुणाला खरं वाटणार नाही. अशा माणसाला "तोंड किती उघडतं" असं न विचारता "कालपेक्षा कमी उघडतंय का" असं विचारायचं.

आणि शुगर. मधुमेह असलेल्याची साधी सूजही साधी धरायची नाही. जंतूंमुळं शुगर चढते, चढलेल्या शुगरमुळं जंतू फोफावतात. गाल सुजला त्याच दिवशी शुगर तपासा आणि त्याच दिवशी दाखवा.

खुर्चीवर काय होतं

लोक सुईला भितात, आणि खरंतर सुजेत सुई कमी लागू पडते हेही खोटं नाही. पुवाच्या जागी मांस आंबट होतं आणि बधिर करायचं औषध आंबट जागी नीट मुरत नाही. म्हणून आम्ही सुजेपासून लांब, मज्जातंतू जिथून येतो तिथं सुई देतो. "सुजेवर दाढ काढू नये" हा नियम त्यातूनच आला असावा. तोंड उघडत असेल, बधिर होत असेल, तर सुजेतही दाढ काढता येते, आणि बऱ्याचदा तीच लवकर काढलेली बरी असते. "वरची दाढ काढली की नजर जाते" हे तर निखालस खोटं आहे. दातांचा मज्जातंतू वेगळा, नजरेचा वेगळा. गरोदर बाईची दाढ तशीच ठेवणं हे दाढेवर उपचार करण्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं, हे सासूबाईंना समजावताना माझा अर्धा तास जातो.

दाढ वाचण्यासारखी असेल तर रूट कॅनॉल. मी बारीक ड्रिलनं दाढेला वरून छिद्र करते. पोकळीचं छत फुटतं त्या क्षणाला हाताला एकदम पोकळ लागतं, आणि कधी कधी पिवळा पू थेंबाथेंबानं वर येतो, मागोमाग रक्तमिश्रित पाणी. खोलीत कुजका वास पसरतो, माझी मदतनीस खिडकी उघडते. आणि खुर्चीच्या हाताला घट्ट धरलेली पेशंटची बोटं एकेक करून सुटतात. पंधरा दिवस गोळ्यांनी जे केलं नाही ते त्या सुईएवढ्या छिद्रानं होतं, कारण दाबाला वाट मिळाली. मग नळ्या साफ करून भरायच्या, वर टोपी बसवायची. याला दोन-तीन खेपा आणि बऱ्यापैकी पैसे लागतात. परवडत नसेल तर दाढ काढणं हाही पुरा उपचार आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दोन्ही होतं. गालातला पू मऊ लागत असेल तर हिरडीला आतून लहानशी चीर देऊन तो काढतात. यानंतर दोन-तीन दिवसांत सूज उतरायला लागते. ४८ तासांत काहीच फरक नसेल किंवा ताप चढत असेल तर पुन्हा यायचं.

येताना खाल्लेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाकून आणा. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर मी विचारायच्या आधी सांगा. मेट्रोनिडॅझोल ही अँटिबायोटिक लिहून दिली तर त्या दिवसांत दारू नाही, आणि मी हे सगळ्यांनाच सांगते, कोण पितो ते न विचारता.

तो फडावरचा गडी माझ्या खुर्चीवर बसलाच नाही. त्याची जीभ वर उचललेली होती आणि सूज मधली रेघ ओलांडायला लागली होती, म्हणून मी त्याला गाडी करून अंबाजोगाईला पाठवलं. अकरा दिवसांनी घरी आला, गळ्यावर दोन टाक्यांच्या खुणा घेऊन. दसऱ्याच्या आधी, फडावर जायच्या आठवडाभर अगोदर ती दोघं पुन्हा आली. या खेपेला तो बोलत होता. "म्याडम, माझी नाही, हिची बघा. कोयता दोघांचा असतो." ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. तिच्या खालच्या दाढेला मिरीएवढा काळा खड्डा होता, दुखत काहीच नव्हतं. वीस मिनिटांत सिमेंट भरून झालं, आणि दुपारच्या एसटीनं ती दोघं गावाकडे गेली.